तुम्ही विचारलंत म्हणून: 'पेना' म्हणजे काय?

"तुला स्पॅनिश येतं ना, मग 'पेना' म्हणजे काय ते एका शब्दात सांग की." क्लासमधली मुलं विचारतात, ॲपवर शिकणारे नातेवाईक विचारतात, आणि मी "कुठल्या देशात?" म्हटलं की यांना वाटतं मी भाव खातेय. नाही हो, खरंच नाही.

स्पेनमध्ये 'मे दा पेना' म्हणजे मला वाईट वाटतं, जीव हळहळतो. कोलंबियात तेच वाक्य म्हणजे मला लाज वाटते, संकोच होतो, मेक्सिकोतही बहुतेक वेळा तेच. मूळ लॅटिन 'पोएना', म्हणजे शिक्षा, म्हणून देहदंडाला 'पेना दे मुएर्ते'. आणि एखादी गोष्ट 'वाले ला पेना' असते तेव्हा तिच्यासाठी त्रास घेतला तरी चालतो. आता यातला कुठला एक शब्द देऊ?

मी पुण्यात शिकले ती स्पेनच्या पुस्तकांवरून. 'मला वाईट वाटतं' आणि 'मे दा पेना', रचना अगदी आपलीच, दोन्हीकडे 'मला' पुढे, त्यामुळे हे वाक्य आपल्याला येतं असं मी धरूनच चालले.

कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, नोकरीला तीन महिने झाले होते आणि ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याची आई गेली. संध्याकाळी भेटायला गेले, टॅक्सीत वाक्य दहादा घोकलं. दारातच तो उभा होता, डोळे सुजलेले, हातात चुरगळलेला रुमाल. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "मे दा मूचा पेना." तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "नो, त्रांकीला, सीगा, सीगा," म्हणजे नाही नाही, काही हरकत नाही, आत या. माझ्या पाठीवर हात ठेवून आत घेऊन गेला, त्याच्या मावशीशेजारी बसवलं, स्वतः जाऊन माझ्यासाठी 'तिंतो' आणला, तो तिथला काळ्या कॉफीचा छोटा कप. आई गेलेला माणूस माझी समजूत काढत होता, कारण त्याने ऐकलं होतं की मला आत यायला लाज वाटतेय.

मला हे कळलं दोन आठवड्यांनी, लिफ्टमध्ये एकीचा धक्का लागला आणि ती म्हणाली "के पेना कोन उस्तेद", म्हणजे तिथल्या अर्थाने तुमच्यापुढे लाज वाटते, माफ करा. धक्का मारून हिला माझी कीव कशी येईल? तेव्हा पोटात गोळा आला.

पुस्तकात तसंच होतं, माझं काय चुकलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. पण तीन महिने तेच 'के पेना कोन उस्तेद' रोज कानावर पडत होतं की, आणि मी ते पुस्तकातल्याच अर्थाने ऐकत होते. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातही लाजेचा अर्थ आहे, देशांच्या खुणांसकट. मी पहिल्या अर्थावर थांबले. पण शिकवणाऱ्यांनी एकदा तरी सांगायला नको होतं का? अजून वाटतं, हवं होतं.

भावना पोचली ना, मग झालं, असं लोक म्हणतात. नाही पोचली. तिथे साधं 'लो सिएंतो मूचो', मला फार वाईट वाटतंय, एवढं म्हणायचं होतं.

त्याला मी हे आजवर सांगितलेलं नाही. दोनदा मेसेज लिहून पुसला. सांगायला मे दा पेना, तिथल्या अर्थाने, आणि त्या दिवशी जे म्हणायचं होतं ते तर राहूनच गेलंय.