येळवसचे फोटो

चार दिवस झाले अण्णा मागच्या खोलीतल्या पीसीकडं फिरकले नाहीत आणि मला ते आज कळालं, ते पण नांदेडहून ताईचा फोन आला म्हणून. "अरे, येळवसचे फोटो पुसले गेले का? अण्णा विचारायले होते." (येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण.) मी घरातच आहे ना. मला विचारायचं की.

रविवारी रात्री जम्बो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरून एका वेळी जाणारी डेटाची मोठी पाकिटं, मीच चालू केल्या. २.५ जीचा नवा स्विच आला होता, मग नासला (फोटो ठेवलेला नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, ९००० बाइट, माझ्या पीसीला ९०००, आणि सगळीकडं सारखं असावं म्हणून अण्णांच्या पीसीला पण ९००० करून टाकलं. त्यांची वायर हॉलमधल्या जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचमधून जाते हे डोक्यातच आलं नाही. त्या स्विचला एवढी मोठी फ्रेम झेपत नाही, आणि झेपली नाही तर तो कुणाला सांगतही नाही, गुपचूप टाकून देतो. म्हणून फोल्डर उघडायचं, नावं दिसायची, साधं पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का बघायचा छोटा संदेश) जायचं, पण फोटोवर क्लिक केलं की नुसतं गोल फिरत बसायचं. आज तुकडे न करता ८९७२ बाइटचं पिंग मारलं (हेडरचे २८ धरून ९०००), एकपण उत्तर नाही. १४७२ ला, म्हणजे नेहमीच्या १५०० च्या एमटीयूला, लगेच आलं.

खरं सांगतो, राग आला. नेट मी बघायचं, इन्व्हर्टर मी बघायचा, लाइटबिल मी भरायचं, आणि बिघडलं तर सांगायचं ताईला. मग आठवलं, सोमवारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले होते, मी कॉलवर होतो, थांबा म्हणून हात केला, तर "राहू दे, चालू दे तुझं" म्हणून परत गेले. तेव्हाच विचारायला आले असणार. तेव्हाच.

आणि मिळालं काय, तर हेडरचा भार कमी होऊन शेकडा चारच्या आसपास वेग. तेवढ्यासाठी त्यांनी चार दिवस आक्काचे फोटो गेले असं समजून काढले. शेतातल्या कडब्याच्या कोपीपाशी बसून आंबील ओतायलेली आक्का, त्यानंतरच्या येळवसला तर... जाऊ दे.

सगळीकडं परत १५०० केलं. २.५ जीचा पोर्ट १५०० वर पण चांगलाच पळतो, मला तेवढं बास आहे. अण्णांना हाक मारली. चष्मा पुसून बसले, एकेक फोटो पुढं करत गेले, त्या १०० च्या वायरीवर पण पटापट उघडायले. चुकलं माझं म्हणणारच होतो, तेवढ्यात स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "त्या साली भज्जीत चिंच जास्त झाल्ती बघ."