गुरुवारपासून मागे मोजलेला आठवडा: कॅथलिक शाळेच्या दुसरीच्या वर्गातला माझा अनुभव

दुसरीच्या वर्गाचं आठवड्याचं नियोजन मी सोमवारपासून लिहायला घेत नाही. आधी गुरुवारचा रकाना भरते, कारण शाळेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, त्या दिवशी सकाळी ९ वाजता असते. मिस्सा चाळीस मिनिटांची, पण रांगा, बाथरूम, परत येऊन पाणी पिणं धरलं की सव्वा तास गेलाच. तो वेळ गणितातून काढायचा की वाचनातून, हे गुरुवारी सकाळी ठरवायला गेलं की दोन्ही बुडतात. म्हणून गणितातलं नवं काही असेल ते सोमवार ते बुधवार शिकवायचं, गुरुवारी नुसता सराव. मिस्सेनंतर सात वर्षांच्या मुलांना नवं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

प्रार्थनेच्या कोपऱ्याला एक लहान टेबल पुरतं. वर कापड, क्रूस, स्टँडवर उघडं बायबल आणि बॅटरीवरची मेणबत्ती. खरी ज्योत वर्गात नको, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच राहतं. कापडाचा रंग उपासनेच्या काळाप्रमाणे बदलतो: नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ आणि ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळात पांढरा, पेंटेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या सणाला लाल. बाकी सामान्य काळाचे ३३ किंवा ३४ आठवडे हिरवा, त्यामुळे हिरवी कापडं दोन ठेवावीत, एक धुवायला जातं. नवा काळ बहुतेक रविवारी सुरू होतो, म्हणून कापड शुक्रवारी दुपारी बदलायचं. उपवासकाळ मात्र राखेच्या बुधवारी सुरू होतो, तेव्हा मंगळवारी शाळा सुटताना बदललं नाही तर बुधवारी सकाळी राख लावून आलेली मुलं हिरव्या कापडासमोर उभी राहतात.

सोमवारी पहिली गोष्ट क्रूसाची खूण. ही शिकवताना हमखास एक चूक होते. शिक्षिका मुलांकडे तोंड करून उजव्या हाताने खूण करते आणि मुलं आरशातल्यासारखी डाव्या हाताने करतात. एक तर मुलांकडे पाठ करून उभं राहावं, नाहीतर आपण मुद्दाम डाव्या हाताने उलटी खूण करावी. मी दुसरं करते, कारण पाठ फिरवली की मागच्या बाकावर काय चाललंय ते दिसत नाही. कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा. एखादं मूल आधी उजव्या खांद्याला हात लावत असेल तर दुरुस्त करण्याआधी घरी विचारावं. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या, परंपरेतले कॅथलिक उजवीकडून डावीकडे खूण करतात, आणि तेही बरोबरच आहे.

आता गणित. धर्माचा तास आणि गणित एकमेकांत कालवू नये असं माझं ठाम मत आहे. तीन देवदूत अधिक चार देवदूत केल्याने बेरीज कॅथलिक होत नाही. शंभरातलं एक हरवतं त्या मेंढराचा बायबलमधला दाखला मात्र मी गणिताच्या तासाला घेऊन येते, कारण १०० वजा १ ही दुसरीतली खरोखर अवघड वजाबाकी आहे. तोंडी विचारलं तर मुलं ९९ पटकन सांगतात. उभी मांडणी करायला दिली की निम्म्या वह्यांत १०९ दिसतं. मूल शतकाचा १ खोडतं, दोन्ही शून्यांवर १० लिहितं आणि एककातून १ वजा करतं. दशकाच्या घरात १० चे ९ करायचे राहून जातात. हे फळ्यावर दहा वेळा सांगून समजत नाही. दोघांत मिळून शंभराची एक पाटी, दहा-दहाचे दहा दांडे आणि दहा सुटे ठोकळे द्यायचे. पाटीतून एक सुटा निघत नाही, म्हणून ती देऊन दहा दांडे घ्यायचे. दांड्यातूनही निघत नाही, म्हणून एक दांडा परत देऊन दहा सुटे. हातातून दांडा जाताना दिसतो तिथे नऊ कुठून आले ते कळतं. २४ मुलांना १२ संच, म्हणजे १२० दांडे लागतात. तेवढे नसतील तर चौकटीचा कागद कापून भागतं.

मंगळवारी धर्माचा तास २५ मिनिटांचा. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या, वयाबद्दल पालक दरवर्षी विचारतात: पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये हे वय साधारण सातव्या वर्षावर आणलं, आणि त्याआधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, व्हावं लागतं. त्यामुळे दुसरीत पाप म्हणजे काय हे शिकवणं टळत नाही. मी बारा चिठ्ठ्या करते आणि जमिनीवर तीन गठ्ठ्यांची जागा आखते: अपघात, चूक, पाप. ‘धावताना मैत्रिणीला धक्का लागला.’ ‘७ अधिक ८ बरोबर १४ लिहिलं.’ ‘खोडरबर आपलं नाही हे माहीत असूनही दप्तरात टाकलं.’ प्रत्येक चिठ्ठीला दोनच प्रश्न: हे वाईट आहे हे माहीत होतं का? तरीही मुद्दाम केलं का?

चुकलेली बेरीज पापाच्या गठ्ठ्यात ठेवणारं मूल प्रत्येक वर्गात निघतंच. त्यात त्याचा दोष नाही. बेरीज चुकली म्हणून ओरडा खाल्लेला असतो, आणि त्याच्या हिशेबात ओरडा बसतो ते पाप. ही चिठ्ठी म्हणूनच मुद्दाम ठेवायची. ‘गृहपाठ विसरलो’ ही चिठ्ठी सगळ्यात शेवटी काढावी, तिच्यावर वाद होतो. विसरला की करायचाच नव्हता, हे चिठ्ठीवरून कळत नाही, ते फक्त त्या मुलाला माहीत असतं. मुलं स्वतःहून इथवर पोचतात, आणि कन्फेशनची निम्मी तयारी इथेच होते.

एक नियम कडक पाळावा: बोलायचं ते चिठ्ठीतल्या मुलाबद्दल. नाहीतर हात वर होतात आणि धाकट्या भावाची पापं वर्गात सांगून होतात. मुलांनी स्वतःसाठी काही लिहिलं तर तो कागद त्यांचाच. गोळा करायचा नाही, तपासायचा नाही, कन्फेशन झाल्यावर ‘काय सांगितलंस?’ असंही विचारायचं नाही. फादर जे गुपित राखतात ते शिक्षिकेने उकरू नये.

शब्दलेखनाचे दहा शब्द: आठ एकाच ध्वनीच्या साच्याचे, दोन वाचनात वारंवार येणारे. वेदी, वाचनमंच असे चर्चमधले शब्द मी या यादीत घालत नाही, त्याने साचा मोडतो. त्यांची चित्रासह पट्टी भिंतीवर लावते. वाचनाचे सहा-सहांचे चार गट, प्रत्येकाला १८ मिनिटं. जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांच्या प्रार्थना, म्हणायचं असेल तर वार बदलत राहावा. कायम बुधवारीच म्हटलं तर मुलं त्या वाराला ठरलेली गौरवाची रहस्यंच (येशू आणि मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग) ऐकतात, आनंदाची आणि दुःखाची कानावरच पडत नाहीत.

बुधवारी मिस्सेची तालीम, आणि ती चर्चमध्येच. वर्गात घेतलेली तालीम मायक्रोफोनसमोर उभं राहिल्यावर कामाला येत नाही. दुसरीच्या मुलांकडे श्रद्धावंतांच्या प्रार्थना (सगळ्यांसाठी मोठ्याने करायच्या विनंत्या) असतात, क्रम ठरलेला: चर्चसाठी, जगासाठी, दुःखितांसाठी, आपल्या समुदायासाठी. प्रत्येक मुलाला एकच वाक्य, मोठ्या अक्षरात, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, कारण पातळ कागदाची फडफड मायक्रोफोनमधून शेवटच्या बाकापर्यंत जाते. तोंड मायक्रोफोनपासून एक वीत. मुलांच्या मिस्सेसाठीची व्हॅटिकनची मार्गदर्शिका १९७३ ची. तिच्यानुसार वाचनं कमी करता येतात, शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाबद्दलचं वाचन, मात्र गाळता येत नाही. वेळ कमी पडला की शुभवर्तमानच आटपायचं कुणी सुचवतं, तेव्हा हे सांगता येतं.

गुरुवारी सगळ्यात जास्त गोंधळ गुडघे टेकायच्या फळीने होतो. ती पायाने सोडली की धाडकन पडते, आणि चार ओळींत चार धडाके झाले की मुलं पुढची पाच मिनिटं हसतात. प्रत्येक फळीला एक मूल नेमावं. तेच ती हाताने खाली ठेवेल आणि हातानेच उचलेल. बाकात शिरण्याआधी उजवा गुडघा टेकायचा असतो. डावा टेकणाऱ्यांच्या उजव्या बुटावर आदल्या दिवशी रंगीत टिकली लावली तर रोज ओरडावं लागत नाही. वर्षअखेरीस ज्यांचं कम्युनियन झालेलं असतं त्यांना एक तासाचा उपवास लागू होतो. पाणी आणि औषध चालतं, पण त्या सकाळी वाढदिवसाची चॉकलेटं वाटायची नाहीत. बाकीची मुलं, कॅथलिक नसलेली धरून, छातीवर हात घडी करून आशीर्वादाला जातात. त्यांना हे बुधवारीच दाखवलेलं असलं की रांगेत कुणी गोंधळत नाही.

शुक्रवारी शब्दलेखनाची चाचणी, वजाबाकीच्या पाच गणितांचा कागद, आणि शेवटी पाच मिनिटं शांत बसणं. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. दुसरीत तीन पुरतात: आज काय चांगलं झालं, काय बिघडलं, सोमवारी काय करीन. उत्तर मोठ्याने मागायचं नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाच्या प्रसंगांची) चौदाच्या चौदा स्थानकं एका दमात घेतली की नवव्यापर्यंत मुलं भिंतीला टेकतात. मी चार घेते आणि चालत घेते. त्या दिवशी डब्यात मांस आणलेल्या मुलाला इतर मुलं टोकतात. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो, तो डबा गुपचूप खाऊ द्यावा.

फाइल घरी जाताना तीनच कागद: चाचणी, येत्या रविवारच्या शुभवर्तमानाचं चित्र आणि १०९ आलं असेल तर तो वजाबाकीचा कागद, खाली दांड्यांची आकृती काढून. चौथा कागद घातला की फाइल सोमवारी न उघडता परत येते.