बीआरसीए निगेटिव्ह, मग हे पाल्ब-टू कुठून आलं?

जेनेटिक कौन्सेलिंगला, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दलच्या सल्ल्याला, येणाऱ्या बायका जुना रिपोर्ट पुढे ठेवून हेच विचारतात, "मॅडम, तेव्हा बीआरसीएची दोन्ही जीन्स चांगली आहेत म्हणाले होते. मग आता हे काय नवीन?" बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही ती दोन जीन्स; ती बिघडली की स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जुन्या रिपोर्टात ती चांगली असतात, पण नव्या रिपोर्टात पाल्ब-टू नावाच्या तिसऱ्याच जीनमध्ये बिघाड दिसतो. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून लिहिते.

पेशीत डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की शेजारची जुळी प्रत बघून ते सांधायचे असतात. हे बिनचूक काम या जीन्सवरून बनणारी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिनं करतात, पण एकेकटी नाही. बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेत बिंग शिया आणि डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या गटाला २००६ मध्ये पाल्ब-टू हे प्रथिन सापडलं. त्याच्या इंग्रजी नावातच त्याचं काम आहे : बीआरसीए-२चा जोडीदार, त्याला जागेवर नेणारा. एका टोकानं ते बीआरसीए-१ला धरतं, दुसऱ्यानं बीआरसीए-२ला.  

हे सांगताना मी रिपोर्ट उलटा करून दोन बीआरसीएंचे दोन ठिपके काढते आणि मध्ये पाल्ब-टूची रेघ ओढते. गेल्या वर्षी एका ताईंनी त्या रेघेवर अंगठा ठेवला. "ही नसली, तर दोन्ही ठिपके असून उपयोग नाही?" मला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं. बीआरसीए-२ धडधाकट असतं, पण तुटल्या जागी पोहोचतच नाही. चुका साचतात आणि त्यातून कर्करोगाची वाट मोकळी होते. ५२४ कुटुंबांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाल्ब-टू बिघडलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के आहे. याला किरकोळ जीन म्हणणं मला पटत नाही.

ताईंचा जुना रिपोर्ट खोटा नव्हता. त्यात दोनच जीन्स पाहिली होती, एवढंच. म्हणून घरात कर्करोग असेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर कोणती जीन्स तपासली ते आधी वाचा.

आणि हा बिघाड वडिलांकडूनही येतो. ताई निघता निघता दारात थांबल्या. "आत्याला झाला होता. पण ती बाबांकडची, म्हणून मी कुणाला बोललेच नाही."

त्यांना परत बसवलं आणि वंशावळीच्या कागदावर आत्याचं वर्तुळ काढलं.