ओय शा नो सोय शो

दुभाषाच्या कामात पहिला नियम ‘मी’चा. समोरचा म्हणाला, "मला हा दर परवडत नाही," की आपणही "मला हा दर परवडत नाही" असंच म्हणायचं. "ते म्हणताहेत की" हे शेपूट लावायचं नाही. दिवसभर दुसऱ्यांचा ‘मी’ आपल्या तोंडात असतो. सवयीने त्याचं काही वाटेनासं होतं.

4 सप्टेंबर 2014, गुरुवार. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीमालकांबरोबर मी ब्युनोस आयर्सला होते. जेवण करून परत बसलो होतो आणि बाद कास्टिंगचा खर्च कुणी सोसायचा यावर घासाघीस चालली होती. तेवढ्यात समोरच्या खरेदीप्रमुखांचा फोन टेबलावर थरथरला. त्यांनी वाचलं, फोन पालथा ठेवला, चष्मा काढला. चाळिशी ओलांडलेला माणूस. म्हणाले, "सेराती गेला. माफ करा, आज माझ्याच्यानं होणार नाही."

मी साहेबांकडे वळून तेच म्हटलं, "सेराती गेला. माफ करा, आज माझ्याच्यानं होणार नाही." आणि माझाच गळा दाटून आला. साहेब दचकले. "कोण मॅडम? तुमच्या घरचं कोण?"

पुण्यात स्पॅनिश शिकताना गुस्ताव्हो सेराती या अर्जेंटिनाच्या रॉक गायकाचा आवाज माझ्या कानात बसला होता. मे 2010 मध्ये काराकासच्या कार्यक्रमानंतर त्याला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून चार वर्षं तो बेशुद्धच होता. सगळं ठाऊक होतं, तरी तयारी नव्हती.

बैठक उठली. कॉफी आली आणि खरेदीप्रमुख बोलत राहिले. मला वाटलं सोडा स्टिरिओबद्दल, सेरातीच्या त्या अफाट गाजलेल्या बँडबद्दल बोलतील. ते बोलले 1992 च्या ‘कोलोरेस सान्तोस’बद्दल, सेराती आणि दानिएल मेलेरोने मिळून केलेल्या अल्बमबद्दल. मेलेरो काही उपरा नव्हता. सोडा स्टिरिओच्या 1984 च्या पहिल्याच अल्बममध्ये त्याचं एक गाणं होतं. डिसेंबर 1991 मध्ये याच शहरातल्या नऊ जुलै रस्त्यावर हा बँड फुकट वाजवून गेला तेव्हा रस्ता माणसांनी फुलून गेला होता, आणि वीस वर्षांचे हे गृहस्थ त्या गर्दीत होते. काही महिन्यांतच ही नवी कॅसेट हाती आली. मोठ्या गिटारी ऐकायच्या तयारीने लावली, तर सॅम्पलर, आवाजांचे तुकडे फिरूनफिरून येताहेत, त्यात गिटार विरघळलेली. "मला फसवल्यासारखं वाटलं. महिनाभर हात लावला नाही. नंतर एका रात्री दिवा मालवून ऐकली." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. जरा वेळाने म्हणाले, "आज मेलेरोला काय वाटत असेल?"

त्यांनी इयरफोनची एक गुंडी मला दिली, दुसरी स्वतःच्या कानात. एक गाणं संपलं तसे ते दुसऱ्याचं नाव पुटपुटले: "ओय शा नो सोय शो." पुण्यात आम्ही ‘यो’ शिकलो होतो, इथे ‘यो’चा ‘शो’ होतो. साहेबांनी विचारलं, "काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, "आज मी मी उरलो नाही." ‘या नो’ म्हणजे पूर्वी होतं, आता नाही. आपलं ‘उरणं’ ते नेमकं पेलतं. एरवी असा शब्द सापडला की मी खूश होते. त्या दिवशी वाक्य तोंडातून गेल्यावर कळेना, हा ‘मी’ कुणाचा? गाणाऱ्याचा, त्यांचा, की माझा?

पार्थिव दर्शनासाठी शहराच्या विधानभवनात ठेवलं होतं. रात्री खरेदीप्रमुख निघाले तसे आम्हीही निघालो. रांगेचं टोक दिसेना. मला वाटलं, साहेब बाहेरूनच हात जोडून हॉटेलवर परततील, सकाळी सात वाजता पुन्हा बैठक होती. मी तसं सुचवलंही.

"मयताला येऊन रांगेत उभं राह्यचं न्हाई, असं कसं चालंल?" ते म्हणाले आणि स्वेटरची बटणं लावून शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहिले. पुढे कुणीतरी गाणं सुरू केलं, रांगेने उचललं. खरेदीप्रमुखही गाऊ लागले. साहेब माझ्याकडे वाकले, "मॅडम, सांगत ऱ्हावा."

मी ओळीमागून ओळ सांगत राहिले.