शंभराच्या नोटेतली संध्याकाळ

आज २८ तारीख. पर्समध्ये शंभराची एकच नोट आणि पगाराला अजून चार दिवस. तरी संध्याकाळी लेकीला घेऊन कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत गेले.

मंडईत आठनंतर जायचं, हे आईनं शिकवलेलं. पालेभाजी रात्रभर टिकत नाही आणि मावशींनाही पाटी रिकामी करून गावाकडची गाडी गाठायची असते. मेथीच्या दोन पेंड्या १५ रुपयांना मिळाल्या, अर्धा किलो वांगी २० ला. पैसे देईपर्यंत मावशींनी मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या पिशवीत टाकल्या होत्या. "ऱ्हाऊ दे गं, पोरीच्या आमटीत घाल." मी घासाघीस करत नाही. त्यांनी आपणहून भाव उतरवला तर घ्यायचं. दिवसभर बसलेल्या बाईकडून पाच रुपये ओढून घ्यायला मन होत नाही.

महाद्वारापाशी अबोलीचा गजरा, १० रुपये. अर्धा माझ्या केसात, अर्धा लेकीच्या.

मग खासबागेजवळ दोघींत एक भेळ, ३० रुपये. चिरमुरे कुरकुरीत, वर कच्ची कैरी आणि भरपूर कांदा. खाता खाता तिला सांगितलं, हे कुस्त्यांचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलं. तिनं विचारलं, "तेव्हा पण भेळ होती?" मला खरंच सुचेना काय सांगावं.

येताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो. वारा छान सुटला होता. लेक माझ्या मांडीवरच झोपली, गजऱ्यासकट.

उरलेले २५ रुपये उद्याच्या दुधाला ठेवलेत.