महोत्सवाची नियमावली एका संध्याकाळी लिहिली, शेवटच्या ओळीला दीड महिना लागला (माझा अनुभव)

आमच्या ग्रुपच्या कला महोत्सवासाठी वर्तनाचे नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगमध्ये "नियम लिहून लावूया" असं मीच बोलले होते आणि आमच्याकडे जो बोलतो त्यानेच करायचं असतं. तीन दिवसांचा कार्यक्रम, नाटकं, चित्रांचं प्रदर्शन, मुलांच्या कार्यशाळा, रात्री गाणी. पगारी माणूस एकही नाही, सगळे मिळून साठेक स्वयंसेवक.

नियम एका संध्याकाळी लिहून झाले. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, नाचाच्या वर्गात खांदा सरळ करून दाखवायचा असला तरी आधी विचारायचं. परवानगी नसेल तर कुणाचा फोटो-व्हिडिओ नाही. जातीवरून, दिसण्यावरून, कपड्यांवरून मारलेला टोमणा "गंमत केली" म्हणून सुटणार नाही. मुलांच्या कार्यशाळेत एक मोठा माणूस आणि एक मूल असं दार लावून बसायचं नाही. पिऊन आलेल्याला प्रवेश नाही. कोणीच वाद घातला नाही, तेव्हा मला बरं वाटलं, आता वाटतं कोणी नीट वाचलंच नव्हतं.

वाद झाला तो शेवटच्या ओळीवर. "काही खटकलं तर यांना सांगा" आणि पुढे रिकामी जागा.

आमचे एक ज्येष्ठ काका लगेच म्हणाले, "माझा नंबर टाक की. सगळी आपलीच पोरं आहेत, काही झालं तर आपसात मिटवून टाकू." काका माणूस म्हणून चांगले आहेत, पण सगळा महोत्सव तेच चालवतात, उद्या तक्रार त्यांच्या जवळच्या माणसाबद्दल असली तर, किंवा सरळ त्यांच्याबद्दलच असली तर, मुलीने फोन कुणाला करायचा? हे मी मीटिंगमध्ये बोलले आणि पाच मिनिटं कोणी चहाला हात लावला नाही.

मग कायदा वाचत बसले. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबद्दलचा 2013 चा कायदा, तो फक्त कंपन्यांसाठी असतो असं मलाही वाटायचं. पण त्यात कर्मचारी म्हणजे पगारीच असं नाहीये, विनामोबदला काम करणारेही धरलेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती पाहिजे, किमान चार जण, निम्म्या तरी महिला, अध्यक्ष बाईच, आणि एक सदस्य बाहेरचा. आणि काकांच्या "मिटवून टाकू"ला पण उत्तर सापडलं, समेट करायचा तर तक्रार करणाऱ्या बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच. तक्रार खुद्द चालवणाऱ्यांविरुद्ध असेल तर ती जाते जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

म्हटलं झालं, स्थानिक समितीचं नाव आणि नंबर बोर्डवर टाकू, विषय संपला. इतकी भोळी होते मी.

तो नंबर मागायला जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसात पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तुमच्यावर काही झालंय का?" नाही म्हटलं. "मग समिती कशाला?" सांगितलं, बोर्डवर नंबर लिहायचाय. तो हसला, वाईट नाही हसला, पण हसला, आणि दुसऱ्या मजल्यावर जा म्हणाला. दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी लेखी अर्ज मागितला. दुसऱ्या फेरीला अर्ज नेला तर "संस्था रजिस्टर्ड आहे का, लेटरहेडवर आणा". आमची संस्थाच नाही, ग्रुप आहे. "मग अर्ज कोण करतंय?" म्हटलं मी करतेय, भारताची नागरिक. हे ऐकून शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ फाईलमधून वर बघायला लागले. तिसऱ्या फेरीला साहेब व्हीसीत (व्हिडिओ मीटिंगमध्ये) होते, मी सव्वा दोन तास बाकावर बसले, मग समजलं की व्हीसी संपल्यावर साहेब मागच्या जिन्याने जेवायला गेले. चौथ्या फेरीला अर्जच सापडेना. आवक रजिस्टरमध्ये नोंद नाही, कारण मी सरळ मॅडमच्या हातात दिला होता. तेव्हा, हे लिहून ठेवा, अर्ज कितीही साधा असो, दोन प्रती न्यायच्या, एक आवकला द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा. मला हे चाळिशीत कळलं.

चिडचिड कसली होती तर मी काही गुपित मागत नव्हते. जिची तक्रार आहे अशा मुलीने या चार फेऱ्या मारायच्या? तिला पण खिडकीवर, रांगेतल्या सगळ्यांसमोर, "तुमच्यावर काही झालंय का" विचारणार? आणि तक्रारीला मुदत आहे, घटनेपासून तीन महिने, समितीला कारण पटलं तर अजून तीन. त्यातला दीड महिना असा जिन्यावरच जायचा.

शेवटी नंबर मिळाला तो त्या ऑफिसातून नाहीच. महिलांसाठी काम करणाऱ्या एका ताई दुसऱ्या ठिकाणी बाहेरच्या सदस्य आहेत, त्यांना कोणीतरी फोन लावून दिला, त्यांनी दहा मिनिटांत स्थानिक समितीचा नंबर पाठवला आणि वर स्वतः आमच्या समितीत यायला तयार झाल्या. रडू आलं मला, खोटं नाही. पण तोवर फ्लेक्स छापून आला होता, शेवटची ओळ रिकामी ठेवून. आदल्या रात्री मी पांढऱ्या कागदावर मार्करने नावं-नंबर लिहून चिकटपट्टीने चिकटवले. दिसायला बेकार, पण लोक नेमकं तेच थांबून वाचत होते.

आता आठवतंय तसं सांगते. तो कायदा महिलांच्याच तक्रारीसाठी आहे, पुरुष किंवा इतर कुणाला त्रास झाला तर त्यात बसत नाही, म्हणून आमच्या नियमात "कोणीही" असा शब्द घातला आणि समितीने सगळ्यांचं ऐकायचं ठरवलं. अठरा वर्षांखालच्या मुलाचा लैंगिक छळ झाल्याचं कळलं तर समिती-बिमिती काही नाही, 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, "आधी पालकांशी बोलून बघू" म्हणून थांबायचं नसतं. म्हणून 112 (तातडीच्या मदतीचा), 181 (महिलांचा) आणि 1098 (मुलांचा) हे तिन्ही हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात होते.

शांत खोली ठेवली होती, गर्दी-आवाजाने घाबरायला होतं त्यांच्यासाठी. पंखा, पाणी, दोन खुर्च्या, बाहेर कायम दोन स्वयंसेवक, त्यात एक तरी बाई. पहिल्या दिवशी तिथेच तक्रारीची वही ठेवली आणि ही माझी घोडचूक. दुपारी बघते तर एक काकू वही चाळत बसलेल्या, आधीच्या मुलीने काय लिहिलंय ते वाचत. गुप्तता पाळा असं त्याच कायद्यात आहे आणि मीच ती टेबलावर मांडून ठेवलेली. त्या मुलीची जाऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून सुट्या चिठ्ठ्या आणि कुलूपाची पेटी, किल्ली ताईंकडे.

स्वयंसेवकांना आधी तासभर बसवून सांगा, काय करायचं यापेक्षा काय नाही बोलायचं ते. "तू तिथे कशाला गेलीस", "तो तसा नाहीये", ही दोन वाक्यं बंद. टॉयलेटकडे जाणाऱ्या बोळात दिवा आहे का ते संध्याकाळी जाऊन बघा, दुपारी सगळंच उजेडात दिसतं. आम्हाला पहिल्या रात्री साडेनऊला कळलं.

तीन दिवसांत सहा चिठ्ठ्या आल्या. चार आवाजाबद्दल, एक न विचारता काढलेल्या फोटोबद्दल, तो समोर डिलीट करून घेतला. सहावीबद्दल लिहिणार नाही. ती ताईंनी हाताळली आणि काकांना अजूनही माहीत नाही कुणाची होती, दोनदा विचारून झालंय त्यांचं.

महोत्सव संपून अठरा दिवस झाले तेव्हा त्या ऑफिसातून पत्र आलं. "आपल्या अर्जासोबत लेटरहेड जोडलेले नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे."