रिमोट बोलतो, ऐकत नाही

युनिव्हर्सल रिमोट जमवून देणं हे आमच्या घरात माझं खातं. नवऱ्याला त्यात रस नाही. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, म्हणणं एवढंच की एक बटण दाबलं की बातम्या लागाव्यात आणि आवाज नीट यावा. यंत्रं मात्र पाच: टीव्ही, सेट टॉप बॉक्स, एचडीएमआय नसलेला जुना ॲम्प्लिफायर, त्याहून जुना सीडी प्लेयर आणि टीव्हीच्या मागे खोचलेली स्ट्रीमिंगची स्टिक. या सगळ्यांना एकच रिमोट पुरवायचा. यंत्रांना हुकूम पाळायला लावणं त्यातलं सोपं काम आहे. यंत्र आत्ता चालू आहे की बंद, हे रिमोटला कधीच कळत नाही, आणि सगळी कटकट तिथून सुरू होते.

आधी सोपं काम. सेटचं बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, यंत्राचा प्रकार निवडायचा आणि पुस्तिकेत त्या कंपनीपुढे दिलेला चार आकडी कोड टाकायचा. हा कोड म्हणजे रिमोटच्या पोटात आधीच भरून ठेवलेल्या एका तक्त्याचा क्रमांक असतो. कोणत्या पद्धतीनं सिग्नल पाठवायचा, यंत्राचा पत्ता काय, कोणत्या बटणाला कोणता आकडा, हे सगळं त्या तक्त्यात असतं. एकाच कंपनीपुढे दहा-पंधरा कोड दिसतात, कारण कंपनीनं वेळोवेळी तक्ते बदललेले असतात. म्हणून टीव्ही बंद झाला की ‘जमलं!’ म्हणून उठायचं नाही. पॉवर आणि आवाज अनेक कोडांना चालतात. सोर्स, मेनू, बॅक आणि बाण ही बटणं तपासा. बॅक चालत नसेल तर पुढचा कोड घ्या, अर्धवट कोडावर संसार करू नका.

यादीत कंपनीच नसेल तर आपोआप शोधायची सोय असते. रिमोट एकेका कोडानं ‘बंद हो’ पाठवत राहतो आणि टीव्ही बंद झाला की तुम्ही थांबवायचं. डोळा लागला तर पुन्हा पहिल्यापासून. मला हे आवडत नाही. मूळ रिमोट हाताशी असेल तर मी सरळ शिकवायच्या मागे लागते, म्हणजे मूळ रिमोटचे सिग्नल नव्याला टिपून घ्यायला लावते, आणि रिमोट घेतानाही शिकण्याची सोय नसलेला घेतच नाही.

शिकवताना दोन्ही रिमोटांची तोंडं समोरासमोर करून ते टेबलावर ठेवायचे, मध्ये दोन-चार बोटं अंतर. दोघांची उंची सारखी नसली तर एकाखाली वही सरकवायची. खिडकीतलं ऊन आणि सीएफएल दिवे दूर ठेवायचे, कारण रिमोट ज्या न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशातून बोलतो तो त्यांच्या उजेडातही मिसळलेला असतो आणि शिकणारा रिमोट तोही खरा मानून टिपतो. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालायचे. आणि तो मुळात काही पाठवतोय का, याचीच शंका असेल तर फोनच्या कॅमेऱ्यातून त्याच्या टोकाकडे बघत बटण दाबायचं. एलईडीचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा दिसतो. मागचा कॅमेरा बऱ्याचदा तो गाळून टाकतो, तेव्हा सेल्फीचा वापरून बघा.

बटण किती वेळ दाबायचं यालाही महत्त्व आहे आणि पुस्तिका नेमकी इथे गुळमुळीत बोलते. एनईसी नावाची पद्धत खूप यंत्रांत असते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका येतो, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, म्हणजे कुणी बोलण्याआधी खाकरावं तसं. मग यंत्राचा पत्ता, पुन्हा तोच उलटा करून, म्हणजे ० चा १ आणि १ चा ०, मग हुकूम, पुन्हा तोही उलटा करून, असे ३२ बिट, म्हणजे ०-१ चे ३२ आकडे. उलट प्रत जुळली नाही की यंत्र तो सिग्नल टाकून देतं. बटण दाबून धरलं तर हा मजकूर पुन्हा येत नाही, नुसता ‘तेच, तेच’ सांगणारा छोटा ठोका दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास येत राहतो. म्हणून आधीपासून मूळ रिमोटचं बटण दाबून धरलंय आणि मग शिकवणं सुरू केलं, तर शिकणारा हे ‘तेच, तेच’ एवढंच टिपण्याची शक्यता असते. यंत्र विचारणार, तेच म्हणजे कुठलं? आधी शिकणाऱ्याला तयार करायचं, दिवा लागू द्यायचा, मग मूळ बटण दाबायचं.

या सगळ्या ठोक्यांच्या आतही एक वेगळी लुकलुक असते. दिवा नुसता चालू-बंद होत नाही, चालू असताना सेकंदाला हजारो वेळा मिचकत असतो, बहुतेक यंत्रांत ३६ ते ४० किलोहर्ट्झच्या दरानं. घरातल्या उजेडातून रिमोटचा उजेड वेगळा ओळखण्यासाठी ही युक्ती. सगळ्यात जास्त दिसतो तो ३८. सोनीची पद्धत ४० वापरते, फिलिप्सची आरसी-५ ही ३६. थोडा फरक असला तरी काम होतं, फक्त पल्ला कमी होतो. शिकवलेलं बटण जवळून चालतं आणि सोफ्यावरून चालत नाही, तेव्हा सेलखेरीज हेही एक कारण असू शकतं.

आरसी-५ वरून आमच्या सीडी प्लेयरची गोष्ट. सगळी बटणं शिकवली, सगळी चालली, पण अकरा नंबरचं गाणं लागेना. बारावं लागे, तेरावं लागे, अकरावं म्हटलं की पहिलंच. नवऱ्याचं निदान: डिस्कवर चरा. डिस्कचा यात काही संबंध नव्हता. आरसी-५ च्या १४ बिटांमध्ये एक बिट असा असतो की बटण सोडून पुन्हा दाबलं की तो उलटतो. त्यावरून यंत्राला कळतं की माणसानं एक नुसतंच दाबून धरलंय की दोनदा दाबलंय. फार हुशारीची योजना आहे ही. पण शिकणारा रिमोट सिग्नलची जशीच्या तशी छबी घेतो, त्या छबीत हा बिट गोठतो आणि मग प्रत्येक १ हा आधीच्याच १ चा लांबलेला भाग वाटतो. चांगले रिमोट पद्धत ओळखून तो बिट स्वतः उलटवतात, आमचा त्यातला नाही. उपाय असा की प्लेयरचा योग्य कोड टाकायचा आणि जे तक्त्यात नाही तेवढंच वरून शिकवायचं. तक्त्यातून पाठवलेला १ नीट उलटतो. आता अकरावं गाणं लागतं.

आता कटकटीकडे येते. युनिव्हर्सल रिमोट विकला जातो तो मॅक्रोच्या जोरावर: एक बटण, आणि टीव्ही, बॉक्स, ॲम्प सगळं चालू. मॅक्रो रिमोटमध्ये भरणं अगदीच सोपं आहे. पण बहुतेक यंत्रांचं पॉवर बटण एकच असतं, बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. कुणीतरी आधीच गाणी ऐकत बसलंय, ॲम्प चालू आहे, आणि बाबांनी ‘सगळं चालू’ दाबलं. टीव्ही लागला, ॲम्प गेला. मग माझ्या नावानं हाक: “अगं, चित्र आहे, आवाज नाही.” मी म्हणायचं, “बाबा, पुन्हा नका दाबू,” तोवर त्यांनी पुन्हा दाबलेलं असतं आणि टीव्ही बंद, ॲम्प चालू. रिमोटला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यापुरतं हुकूम दिला म्हणजे झालं.

यावर लोकांनी डोकं खूप चालवलंय. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटांनी कोणतं यंत्र चालू आहे याचा हिशोब स्वतःच ठेवायला सुरुवात केली. हिशोब चुकला की मदतीचं बटण, आणि मग रिमोट तुम्हालाच विचारणार: टीव्ही लागला का? आवाज येतोय का? मला ही कल्पना फार प्रामाणिक वाटते. कंपनीनं २०२१ मध्ये हार्मनी बनवणं थांबवलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८७ मध्ये, ॲपलमधून बाहेर पडलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ‘कोअर’ नावाचा शिकणारा रिमोट काढला होता. बुद्धी त्याच्यातही भरपूर, पण यंत्राकडून उत्तर मिळण्याची सोय तेव्हाही नव्हती.

दुसरा मार्ग स्वतंत्र कोडांचा. अनेक टीव्हींना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे हुकूम कळतात, मूळ रिमोटवर त्यांची बटणं नसली तरी. हौशी मंडळींनी जमवलेल्या कोडांच्या याद्यांत ते सापडतात. त्याहून साधी चाल अशी: काही टीव्ही आकड्याचं बटण दाबलं की झोपेतून उठतात आणि चालू असताना तेच दाबलं तर बंद होत नाहीत. मॅक्रोच्या सुरुवातीला पॉवरऐवजी हे बटण टाकायचं. सोर्सचंही तसंच. एकेक पुढे सरकणारं बटण टाळून थेट ‘एचडीएमआय २’ वर नेणारा हुकूम मिळतो का बघा. आणि मॅक्रोत मध्ये विराम सोडा, टीव्ही उठायला काही सेकंद घेतो आणि तेवढ्यात पाठवलेलं सगळं वाया जातं.

तिसरा मार्ग टीव्हीला चित्र आणि आवाज पोचवणाऱ्या एचडीएमआय केबलच्या आतच आहे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १३ नंबरची सीईसीसाठी असते. या तारेवरून यंत्रं एकमेकांशी बोलतात, आणि इथे बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिम्पलिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधताना ही नावं माहीत हवीत. बॉक्स उठला की टीव्ही उठतो आणि बरोबर इनपुटवर येतो. मात्र सीईसी आणि मॅक्रो दोन्ही ठेवले की भांडण. बॉक्सनं सीईसीवरून टीव्ही उठवला आणि पुढच्याच क्षणी मॅक्रोचं पॉवर येऊन थडकलं की टीव्ही परत झोपला. त्यामुळे घरात पॉवरचा कारभार कुणाकडे हे एकदा ठरवायला लागतं. मी तो सीईसीकडे दिला आणि ‘सगळं चालू’ पुसून टाकलं. बाबा बॉक्सचं पॉवर दाबतात, टीव्ही मागोमाग येतो. ॲम्पला एचडीएमआय नाही, म्हणून त्याचं पॉवर वेगळ्या लाल बटणावर. त्याचा दिवा समोर दिसतो, आणि बाबांना दिवा बघता येतो, रिमोटला येत नाही.

स्टिकचं सगळ्यात घोळाचं असेल असं मला वाटलं होतं, कारण तिचा रिमोट ब्लूटूथवर चालतो आणि इन्फ्रारेड रिमोट तिच्याशी बोलूच शकत नाही. तिथेही सीईसी कामाला आली. रिमोट टीव्हीच्या मोडमध्ये, म्हणजे टीव्हीला हुकूम देण्याच्या स्थितीत, ठेवून बाण आणि ओके दाबले की टीव्ही ते तारेवरून स्टिकला पोचवतो. बोलून शोधायची सोय जाते, बाबांना ती नकोच होती.

माझ्या मते सगळ्यात मोलाची सोय मात्र मॅक्रोही नाही आणि शिकणंही नाही. पुस्तिकेत ती कुठेतरी शेवटी असते, बहुधा पंच-थ्रू या नावानं: कोणत्याही मोडमध्ये असलो तरी आवाजाची बटणं एकाच यंत्राला जावीत, आमच्याकडे ॲम्पला. हे केल्यापासून टीव्हीचा आवाज वेगळा आणि ॲम्पचा वेगळा हा गोंधळ संपला. कितीही रिमोट जमवून द्या, हे राहिलं तर हाका थांबत नाहीत.

उरलेली कामं किरकोळ. जमलेले कोड कागदाच्या पट्टीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवले. सगळं शिकवण्याआधी एकच बटण शिकवून सेल काढले, चहा झाल्यावर परत घातले आणि बटण लक्षात राहिलंय याची खात्री केली. नवे रिमोट विसरत नाहीत, जुन्यांतले काही सेल काढले की कोरे व्हायचे. मूळ रिमोट फेकले नाहीत, टीव्हीचं सेटअप कधी पुन्हा करायला लागलं तर ते लागतातच. सेल काढूनच ठेवलेत, गळले की पत्रे खातात. ॲम्पचा तेवढा ड्रॉवरमध्ये वरच आहे, कारण खर्ज वाढवायचं बटण शिकवायला नव्या रिमोटवर जागाच उरली नाही आणि नवऱ्याला खर्ज हवा असतो.